बडग्याच्या हातातलं रॉकेट

बापूजींनी काठीच्या टोकाने ती जळकी नळी दुकानाच्या पायरीवर ढकलली. मेलेली पाल ढकलताना माणूस जसं तोंड करतो तसं त्यांनी तोंड केलं होतं.

"हे कोनाचं होय गा, रुपराव?"

रुपराव भोयरने मान वर केली नाही. गुडघ्यांत एक जाडजूड पोथी दाबून तो तिची शिवण आवळत होता, आणि घरमालक समोर उभा असताना हातातलं काम सोडायचं नाही हा त्याचा जुना नेम होता.

"पुठ्ठ्याची नळी दिसून राहिली," तो म्हणाला. "कोनाची ते नळीलेच विचारा."

"रविवारी तुले पोट्टीसंगं माळावर पाह्यलं लोकाहीनं. बाण उडवून राहिला होता. सोळा वर्सं झाली तरी अक्कल नाही आली तुले."

"माळ तुमचा नाही, बापूजी."

"गल्ली तं माही आहे." बापूजींनी दुकानाच्या आत पाहिलं. तिथे खळीच्या डब्यामागे रुपरावची दहा वर्षांची कुंदा बसली होती आणि कात्री हातात तशीच धरून ऐकत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच की काय, म्हातारा सावकाश बोलला. "पोळा जवळ आला. यंदाचा बडग्या अजून ठरला नाही. आमाले ठरवाले लावू नको."

एवढं बोलून ते काठी टेकत समोरच्या आपल्या घरात गेले. रुपरावने शिवण इतकी आवळली की दोरा तुटला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे साऱ्या शहराची पीडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीचा पुतळा, निघते आणि तिच्या मागोमाग गल्लोगल्लीचे बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, रद्दी आणि जुन्या कपड्यांचा माणसाएवढा पुतळा. वर्षभर ज्याने लोकांना पिडलं त्याचं रूप त्याला द्यायचं, घरोघरची रोगराई आणि साडेसाती त्याच्या अंगावर घालायची, ओरडून ओरडून घसा बसवायचा आणि शेवटी त्याला पेटवून द्यायचं. कुठे महागाईचा बडग्या असतो, कुठे एखाद्या पुढाऱ्याचा. इतवारीत भांडेबाजारामागच्या या गल्लीत बडग्या कोणाचा करायचा ते बापूजी ठरवत, आणि एकोणीसशे चौसष्ट साली त्यांनी तो रुपरावचा केला होता.

त्या वेळी रुपराव बाविशीतला. काटोलकडच्या खेड्यातून शिकायला म्हणून आलेला आणि शाळेपेक्षा बुकबाइंडरच्या दुकानात रमलेला. आदल्या वर्षी केरळच्या किनाऱ्यावरून देशातलं पहिलं रॉकेट उडालं होतं. पेपरात त्याचा फोटो आला आणि या गड्याचं डोकं फिरलं. पुठ्ठ्याच्या नळ्या वळता येत होत्याच, शोभेच्या दारूवाल्याशी ओळखही होती. उन्हाळाभर त्याने गल्लीतच बाण उडवले, पोरांनी टाळ्या पिटल्या, याला वाटलं आपण कोण. मग एक बाण तिरपा गेला तो थेट बापूजींच्या कडब्याच्या गंजीत. गंजी जळाली, गोठा जळाला आणि गोठ्यातली कालवड जळाली. आई मेलेली ती कालवड बापूजींनी बाटलीने दूध पाजून वाढवली होती. यात रुपरावची चूक नव्हती असं कोणी म्हणणार नाही. माफी मागायला तो गेलाही होता, पण बापूजींनी आधी त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग दार लावून घेतलं. तेव्हापासून ती माफी त्याच्या घशातच राहिली आणि तिथे तिचं विष झालं.

तरी हे सगळं तो एक वेळ विसरला असता. विसरला नाही ते वेगळंच. त्या वर्षी मारबतीच्या दिवशी त्याचे वडील, महादेवराव, पोळ्याच्या पुरणपोळ्या फडक्यात बांधून बसने आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांना बडग्या भेटला. अंगात रुपरावचा दोरीवरून पळवलेला सदरा, हातात पुठ्ठ्याचा बाण, आणि भोवती पोरं नाचत होती, "राकेट्याले घेऊन जा गे मारबत!" म्हातारा जागच्या जागी थांबला. बापूजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओरडा, महादेवराव. गल्लीची रीत आहे." आणि महादेवराव ओरडले. पोरगा समोरच्या ओट्यावर उभा आहे हे दिसत असून ओरडले. पोराची खोली याच माणसाच्या मालकीची आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं असेल. खेड्यातला माणूस शहरात भितो. मग पोळ्यांचं गाठोडं ओट्यावर ठेवून ते आल्या पावली परत गेले. त्या गोष्टीवर बापलेकांत कधी शब्द निघाला नाही, आणि आता निघायची सोयही उरली नव्हती. म्हातारा कधीच गेला होता.

रुपरावने बाण सोडले, गल्ली सोडली नाही. सोडली असती तर बापूजी जिंकले असते. भाडेकरूला काढता येत नाही आणि घरमालकाला मरण येत नाही, अशा बेतात दोघं समोरासमोर राहत होते. मधल्या वर्षांत रुपरावने लग्न केलं, स्वतःचं दुकान मांडलं, आणि गल्लीतल्या जवळपास प्रत्येकाशी भांडून घेतलं. चहावाल्याशी बशीवरून, शेजारच्या तांबटाशी ठोकठोकीवरून, भजनी मंडळाशी भजनावरून. माणूस कामाचा चोख आणि तोंडाचा फाटका. लोक त्याला पाठीमागे राकेट्या म्हणत आणि त्याच्या पोरीला तोंडावर राकेट्याची पोट्टी.

त्या नावाचा अर्थ कुंदाला या जुलैत कळला. आपल्या देशाने आपल्याच रॉकेटवरून रोहिणी नावाचा उपग्रह वर नेऊन ठेवला, शाळेत बाईंनी फळ्यावर चित्र काढलं, आणि कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं की हिच्या बापालेही राकेट येते, त्यानं एक गाय मारली होती. ती घरी आली ती दप्तर न ठेवताच दुकानात आली. खरं काय ते तिने विचारलं. रुपराव म्हणाला, आपल्याला काही येत नाही. लोक म्हणतात येतं, ती म्हणाली. लोक मूर्ख आहेत, तो म्हणाला.

पण पोर त्याचीच होती. तिने रद्दीच्या ढिगातून पुठ्ठा उचलला आणि कोपऱ्यात बसून लाटण्यावर स्वतःच नळी वळायला घेतली. नळी वाकडी झाली. दुसरीही वाकडी झाली. खळ कोपरापर्यंत गेली. रुपराव शिवण घालत राहिला. त्याला कोणी शिवी दिली तर तो दोन देई, पण वाकडी नळी डोळ्यांसमोर पडून राहणं त्याला सोसत नव्हतं. शेवटी त्याने तिच्या हातून लाटणं हिसकावलं.

"असं नाही वळत. कागदाचा कल पाह्य आधी. उभा कल आडवा घेतला तं तो तुले जलमभर वाकडाच जाईन."

असा तो परत त्या नादाला लागला. कानाला लावलेला खडा कधी गळून पडला ते त्यालाही कळलं नाही. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसलं की दोघं नळ्या वळत, पुठ्ठ्याचे पंख कापत, लाकडाचं नाक घासत. जुनं सारं त्याच्या बोटांना आठवत होतं. रविवारी सायकलच्या दांडीवर पोरीला बसवून तो जरीपटक्याच्या पार पलीकडे जाई, जिथे पेटायला गवताशिवाय काही नव्हतं आणि पावसाळ्याचं ते गवतही ओलं होतं. मोडक्या छत्रीची एक लांब काडी जमिनीत सरळ रोवायची, तिच्यावर रॉकेट चढवायचं, म्हणजे सुटताना ते तिरपं होत नाही. चौसष्ट साली ही काडी त्याला सुचली नव्हती. सुचली असती तर कालवड वाचली असती, हे तो कुंदाला एकदा बोलून गेला.

पहिलं रॉकेट जागेवरच फुसकं निघालं, तर त्याने सायकललाच लाथ मारली. त्यानंतरचं मात्र गेलं. झाडांच्या वर गेलं, घारीच्या वर गेलं, वर जाऊन त्याचं नाक सुटलं आणि आतली लहानशी हवाई छत्री उघडली. खाली कुंदा मोजत होती. हे त्याने तिला आधीच शिकवून ठेवलं होतं. रॉकेट सुटलं की डोळे वर ठेवायचे आणि छत्री उघडेपर्यंत मोठ्याने मोजायचं; शेजारी आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही, कारण मोजलं नाही तर किती वर गेलं ते कळत नाही. त्या दिवशी पोरीने मोजलं, छत्री धावत जाऊन झेलली, आणि रुपराव भोयर कित्येक वर्षांनी मोकळं हसला. इतका सुखाचा दिवस त्याला लग्नाचाही आठवत नव्हता.

लग्नाची बायको मात्र धुमसत होती. पुष्पलता या गल्लीत आली तीच राकेट्याची बायको होऊन. नळावर बादली लावायला गेली की बायका सरकून जागा देत, ती मानाने नव्हे. तिने ते सारं गिळलं होतं, कारण नवऱ्याने तो नाद सोडला होता. आता पोरीला हाताशी धरून त्याने तो परत घेतला तेव्हा तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. ताट आदळायचं, तांब्या आपटायचा, आणि सांगायचं असेल ते भिंतीला सांगायचं. उद्या या पोरीला कोण करून घेईल, हे ती भिंतीला रोज सांगे. रुपराव भिंतीच्या वतीने उत्तर देई, आणि ते उत्तर काही चांगलं नसे.

बापूजी धमकी देऊन गेल्यावर त्याने शहाण्यासारखं थांबायला हवं होतं. त्याने एक मोठं रॉकेट करायला घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. कुंदाने त्याला निळा रंग दिला. वात मीच लावणार, असं तिने बापाकडून कबूल करून घेतलं. आणि दिवस त्याने ठरवला तो मारबतीचा. सारी गल्ली बडग्यामागे ओरडत असेल, त्या वेळी आपण दोघं दूर माळावर असू. बडग्या कोणाचा होणार हे त्याला न सांगता कळलं होतं. त्याला बडग्याचं भय नव्हतं. भय होतं ते एकच, की पोरगी त्या गर्दीत उभी राहील, सगळे ओरडतात म्हणून तीही तोंड उघडेल, आणि आपण ते पाहू. बापाचं तोंड उघडलेलं त्याने एकदा पाहिलं होतं.

एवढं मोठं रॉकेट हळू खाली यायचं तर छत्री मोठी हवी. पेटीत पुष्पलताचं एक लाल लुगडं होतं, विरलेलं, गोधडीसाठी ठेवलेलं. रुपरावने न विचारता त्याचा चौकोन कापला. विचारलं असतं तर मिळालं नसतं हे खरं, पण न विचारता कापलं हेही खरं. पोळ्याच्या दिवशी पेटी उघडल्यावर तिला ते भोक दिसलं. ती काही बोलली नाही, भिंतीलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रुपरावने रॉकेटमध्ये दारू भरली, वात बसवली आणि ते कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं. आदल्या दिवशी भरलं असतं तर दमटपणाने गेलं असतं. मग सायकलची हवा गेलेली दिसली म्हणून तो कुंदाला घेऊन पंक्चर काढायला गेला. बाहेर लांबून मारबतीचे ढोल ऐकू येत होते. परत आला तेव्हा फळी रिकामी होती.

पुष्पलता चुलीपाशी पाठमोरी बसली होती. किती तरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली.

"मी देल्लं," ती म्हणाली. "बळीराम आला होता पोट्टे घेऊन, बडग्यासाठी मागाले. घरातली पीडा द्या वहिनी, म्हने. घरोघरून देऊन राहिले होते. कोनं खोकल्याची शिशी देल्ली, कोनं दुखणेकऱ्याची चादर. आपल्या घरात दुसरी कोनती पीडा आहे? देऊन टाकलं."

रुपराव भिंतीला टेकला. "भरेल होतं ते," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे पेटलं का सुटते. बडग्याले पेटवतीन नं, तवा."

पुष्पलताच्या हातातला चिमटा चुलीतच राहिला. गल्लीची झाडून सारी पोरं बडग्याच्या पुढे नाचत असतात, हे तिला त्याने सांगायला नको होतं. ती उठली, आणि नवऱ्याला म्हणाली की पळा, पण तोवर तो दाराबाहेर पडला होता. कुंदा माळावर न्यायची पिशवी खांद्याला लावून त्याच्या मागे धावत होती.

गल्लीचा बडग्या बापूजींच्या घरामागच्या पटांगणात जाळत. हातठेल्यावर तो उभा होता. पोट फुगवलेला, नाकावर रुपरावसारखा तारेचा चष्मा, गळ्यात 'राकेट्या' अशी पाटी. त्याच्या कमरेशी चिंध्यांची एक लहान बाहुली बांधली होती आणि तिला दोन वेण्या घातल्या होत्या. कुंदा ती बाहुली बघत उभी राहिली. बडग्याचा हात पुढे केलेला होता आणि त्या हातात निळं रॉकेट होतं, नाक समोर, जरा खाली झुकलेलं, बरोबर पोरांच्या छातीकडे. बळीराम, म्हणजे या सगळ्या पोरांचा म्होरक्या, ठेल्याच्या पायथ्याशी रॉकेल शिंपडत होता. बापूजी खुर्चीवर बसले होते.

रुपरावच्या मनात एक क्षण आलं, की जाऊ दे. यांचंच यांना लागू दे. सोळा वर्षं ज्यांनी ओरडून घेतलं त्यांना एकदा खरंच ओरडू दे. हे मनात आलं ते त्याने स्वतःशी नाकारलं नाही, पण तोवर त्याचे पाय ठेल्याकडे गेले होते आणि हात रॉकेटवर पडला होता.

बळीरामने त्याची मानगूट धरली. गर्दी खवळली. रुपराव ओरडून सांगत होता की आत दारू आहे, पेटवू नका, काढून घेऊ द्या. कोणी ऐकून घेईना. स्वतःचा बडग्या पाहून झोंबलं म्हणून आता थापा मारतो, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला की तोंड काळं करून यालाच ठेल्यावर बसवा. शेवटी बापूजी खुर्चीवरून उठले तेव्हा आवाज जरा खाली आला.

"मारबतीले देल्लं ते वापस नेत नाही," बापूजी म्हणाले. "तुह्या बायकोनं आपल्या हातानं देल्लं. वापस नेलं तं साऱ्या गल्लीची पीडा वापस येते. माहीत नाही काय तुले?"

हा नियम गल्लीत सगळ्यांना पाठ होता. बडग्याच्या अंगावरची चिंधीसुद्धा घरी न्यायची नाही. रुपराव त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला. याच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि मशाल तर पेटलेली.

"नेत नाही," तो म्हणाला. "सरळ बांधून देतो. नाक वर करून. एवढं करू द्या, मंग लावा आग."

बापूजींच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. त्यांना ते आवडलं. "बांध," ते म्हणाले. "आपल्या बडग्याले आपल्याच हातानं सजव. पाहू द्या लोकाहीले."

लोकांनाही ते भलतंच आवडलं. रुपराव ठेल्यावर चढला तेव्हा शिट्ट्या वाजल्या, कोणी केळीचं साल फेकलं, आणि सगळी गल्ली एका सुरात ओरडू लागली. तो आपल्याच पुतळ्याच्या छातीला छाती लावून उभा होता. कुंदाने न सांगता पिशवीतून छत्रीची काडी काढून वर दिली, मग मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ दिलं. काडी त्याने पुतळ्याच्या पाठीच्या बांबूला उभी आवळली, पोथी शिवतो तशी, एकाआड एक वेढा घालून. ती पाठीशी ताठ उभी आहे ना हे एक डोळा मिटून दोनदा पाहिलं. मग तिच्यावर रॉकेट चढवलं आणि वात खाली सोडली. कानावर पडायचं ते पडत होतं.

त्यात एक आवाज त्याला वेगळा ऐकू आला. बापूजी कुंदाच्या शेजारी येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"ओरड वं पोरी. गल्लीची रीत आहे."

रुपरावने दोऱ्याची शेवटची गाठ ओढली. म्हाताऱ्याने मुद्दाम तेच शब्द काढले होते की त्याच्या तोंडी ते तसेच बसले होते, देव जाणे. रुपरावला पोरीकडे बघवेना. तो खाली उतरला, हात पसरून पोरांना मागे रेटू लागला, आणि पोरं हसत का होईना मागे सरली. बळीरामने मशाल लावली.

रॉकेलने भपकन पेट घेतला. पुतळ्याचे पाय पेटले, धोतर पेटलं, वेण्यांची बाहुली एका फटक्यात गेली. ज्वाळा पाठीवर चढली, आणि मग सुर्रकन असा आवाज झाला की पुढची रांग दोन पावलं मागे कोसळली. निळं रॉकेट पुतळ्याच्या खांद्यावरून सरळ वर गेलं. जरासुद्धा तिरपं झालं नाही. बापूजींच्या कडुनिंबाच्या वर गेलं, कौलांच्या, देवळाच्या कळसाच्या वर गेलं, आणि ओरडणं थांबून सगळ्यांच्या माना वर गेल्या. ते आधीसारखं समोर रोखलेलं असतं तर आग बापूजींच्या नव्या गोठ्यावर गेली असती की पोरांच्या डोळ्यांत, हे ज्याला समजायचं त्याला समजलं. बळीरामने मशाल खाली केली.

बापूजींनी तेवढी शांतता मिळू दिली नाही. "राकेट्याले घेऊन जा गे मारबत," ते एकटेच ओरडले. मग सवयीने दुसरा कोणी ओरडला, मग सगळे.

आता रुपरावने पोरीकडे पाहिलं. पाहिल्यावाचून सुटका नव्हती. बापूजींचा हात तिच्या खांद्यावरच होता आणि तिचं तोंड उघडत मिटत होतं. झालं, त्याला वाटलं. बापाने केलं, आता हिनेही केलं. तो गर्दी फोडत तिच्यापाशी गेला, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. जवळ गेला तेव्हा दिसलं की तिची मान पार मागे कलली आहे आणि डोळे आभाळात आहेत. ती मोजत होती. सगळी गल्ली कानाशी कोकलत असताना, खांद्यावर तो हात असताना, ती एकेक आकडा स्पष्ट उच्चारून मोजत होती, आणि वर लाल छत्री उघडली तेव्हाच थांबली.

"मागच्यापरस जास्त गेलं, बाबा," ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम लहान झाला. "वात मी लावनार होती."

त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. त्याऐवजी त्याने बापूजींचा हात तिच्या खांद्यावरून उचलला, एखादी वस्तू बाजूला ठेवावी तसा ठेवला, आणि पोरीला घेऊन निघाला.

छत्री वाऱ्यावर तरंगत आली ती बापूजींच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्याला अडकली, खाली जळकी नळी लोंबत. एवढ्याने गल्ली सुधारली असं काही झालं नाही. रुपरावला कोणी शाबासकी दिली नाही, आणि त्याला ती नको होती. तांबटाची ठोकठोक चालूच राहिली. पुष्पलताने दुसऱ्या दिवशी त्या विरलेल्या लुगड्याचा उरलेला तुकडा आणून त्याच्या मांडीवर टाकला, आणि ताट मात्र आदळलं नाही.

ते लाल फडकं झाडावर तसंच राहिलं. मारबतीला गेलेली वस्तू, तिला हात कोण लावणार? बापूजींच्या नातवांनी बांबू आणला होता, त्यांच्या सुनेने तो काढून घेतला. बळीरामला सांगितलं, तर त्याने ऐकलं न ऐकलं केलं. बापूजींची खुर्ची ओट्यावर असे, आणि सकाळी डोळे उघडले की त्यांना ते समोर दिसे. दिवाळीत त्याचा रंग उतरला. थंडीत कडुनिंबाची पानं गळू लागली तेव्हा ते जास्तच दिसू लागलं.

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी बापूजी काठी टेकत दुकानाच्या पायरीशी आले. काठीने पायरीवरची धूळ उकरत राहिले. ते थकलेले दिसत होते.

"काढून ने गा ते," ते म्हणाले. "तुहं आहे."

रुपरावने मान वर केली. आत कुंदा नवी नळी वळत होती; तिचे हात थांबले. बापाच्या खांद्यावर ठेवलेला तो हात रुपरावला आठवला, आणि जळालेली कालवडही आठवली. म्हाताऱ्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि यातली कोणतीही गोष्ट त्याला तोंडावर आणायची नव्हती.

"मारबतीचं वापस नेत नाही, बापूजी," तो म्हणाला.

म्हातारा उभाच राहिला. रुपरावने पोथी गुडघ्यांत दाबली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, आणि सुई उजेडाकडे धरून ओवायला घेतली.